एक्सेलमधल्या फिल्टरच्या बाणांचं रूप बदलता येतं का?

हिशेबनीस: सोसायटीचा खजिनदार झाल्यापासून ६४ फ्लॅटांचा मेंटेनन्स एक्सेलमध्ये ठेवतोय. आकड्यांच्या रकान्यांचे मथळेही उजवीकडे सरकवलेत. पण फिल्टर लावला की बाणाची पेटी नेमकी शेवटच्या अक्षरावर बसते, 'थकबाकी'चं 'थकबा' होतं. शिवाय गडद निळ्या पट्टीवर त्या करड्या पेट्या ठिगळासारख्या दिसतात. रविवारी सभेत टीव्हीवर दाखवायचंय. रंग, आकार काही बदलतो का?

खटपट्या: नाही. ती पेटी एक्सेल स्वतः काढतं, सेलच्या रंगाशी तिला देणंघेणं नसतं. पण ती कायम खालच्या उजव्या कोपऱ्यात असते. मथळ्याच्या ओळीची उंची दुप्पट करा आणि मजकूर वर चिकटवा, म्हणजे बाण खाली राहील. किंवा उजवीकडून दोन इंडेंट द्या. छापताना बाण येतच नाहीत, तेव्हा नोटीस बोर्डाची काळजी नको.

रात्रपाळी: दिसण्याचीच हौस असेल तर स्लायसर वापरा, म्हणजे बटणं दाबून फिल्टर करायची वेगळी पेटी. कंट्रोल-टी दाबून टेबल करा, इन्सर्टमधून स्लायसर घ्या, विंगचा रकाना निवडा. २०१३ पासून साध्या टेबलालाही चालतो. तयार स्टाइलवर राइट क्लिक करून डुप्लिकेट करा आणि त्या प्रतीत रंग, फॉन्ट, कडा हवं ते बदला. मूळ स्टाइल बदलू देत नाही, तिथेच बरेच जण अडकतात. बटणांचे कॉलम ३ करा, म्हणजे ए, बी, सी एका ओळीत येतील. मग टेबल डिझाइनमधल्या 'फिल्टर बटन'ची खूण काढा, सगळे बाण गायब. फक्त थकबाकीच्या रकान्याला स्लायसर लावू नका, प्रत्येक रकमेचं वेगळं बटण येतं. मी एकदा लावलाय, भाजी मंडईच झाली होती.

जुना खोंड: २००३ मध्ये फिल्टर लागला की बाण निळा व्हायचा, २००७ पासून नरसाळं आलं. दोन्ही लांबून दिसत नाहीत. आमच्या सभेत फिल्टर तसाच राहिला आणि 'बाकीचे फ्लॅट कुठे गेले?' यावर अर्धा तास भांडण. तेव्हापासून वरच्या एका सेलमध्ये सबटोटलने दिसणाऱ्या ओळी आणि काउंटएने एकूण ओळी मोजतो. पहिला आकडा कमी असला की कंडिशनल फॉरमॅटिंगने तो सेल लाल होतो.

हिशेबनीस: स्लायसर जमला, लाल सेलही केला. सेक्रेटरींना दाखवलं तर म्हणाले, छान आहे, पण बटणं मोरपंखी करा.