प्रतिसाद: लॉक-इन ठीक, पण पुराचं काय?

दुकानाच्या भाडेकरारात लॉक-इन (ठरल्या मुदतीआधी करार मोडता न येण्याची अट) फक्त मालकावर असावा, भाडेकरूला नोटीस देऊन गाळा सोडता यावा, हे वरच्या पोस्टमध्ये आलंय ते पटलं. पण त्याच पोस्टमधलं 'पूर, आग यात कायदा भाडेकरूच्याच बाजूने आहे' हे अर्धंच खरं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 108 नीट वाचा: जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला किंवा कायमचा निकामी झाला, तरच भाडेकरूला भाडेपट्टा रद्द ठरवता येतो. चिखल काढेपर्यंत शटर बंद राहिलं, तर ते यात बसत नाही. आणि लीव्ह अँड लायसन्सला (भाडेपट्टा नव्हे, फक्त जागा वापरायची परवानगी देणारा करार) हे कलम लागतच नाही.

23 सप्टेंबर 2023 ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा माझ्या मावसभावाच्या सीताबर्डीतल्या तळघरातल्या दुकानात पाणी शिरलं. फर्निचर, वायरिंग सगळं गेलं. मालकाने बंद काळाचंही पूर्ण भाडं मागितलं, आणि करारात त्याविरुद्ध एक ओळ नव्हती. आता नव्या करारात भावाने लिहून घेतलंय: जागा वापरण्याजोगी नसेल तितके दिवस भाडं आणि मेंटेनन्स दोन्ही थांबणार, ठरल्या मुदतीत मालकाने दुरुस्ती केली नाही तर लॉक-इन संपला आणि डिपॉझिट परत. मालकाने कुरकुर केली, पण तळघराला दुसरा भाडेकरू सहज मिळतो कुठे!