टँडेमच्या मागच्या स्वाराचे क्रँक आत घ्यायचे आहेत. एक्सल किती लांबीचा घ्यावा?

जोडस्वार:
नमस्कार. आमच्याकडे स्टीलच्या फ्रेमची जुनी टँडेम, म्हणजे दोघांनी एकामागे एक बसून चालवायची सायकल, असून पुढे मी आणि मागे पत्नी असे आम्ही दर रविवारी पुण्याहून पानशेतच्या रस्त्याला जातो. पाय फार फाकवून पेडल मारावे लागते आणि चढावर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ येते, अशी तिची तक्रार आहे. दोन्ही क्रँकच्या (पेडल ज्याला लागते त्या दांड्यांच्या) पेडलाकडील टोकांमधले बाहेरून बाहेरपर्यंतचे अंतर, म्हणजे क्यू-फॅक्टर, १७८ मिमी भरले. दोन्ही बॉटम ब्रॅकेट (फ्रेममधली क्रँकची बेअरिंगे) चौकोनी टोकांची असून त्यांतले एक्सल, म्हणजे दोन क्रँक जोडणारे आस, १२७ मिमीचे आहेत. केवळ मागे ११३ मिमीचा एक्सल बसवून भागेल का?

पानेवाला:
भागणार नाही. एक्सल १४ मिमीने आखूड झाला आणि तो दोन्ही बाजूंना सारखा बाहेर येत असेल, तर मागचे डावे चेनव्हील (क्रँकवरचे दातेरी चाक) ७ मिमी आत सरकेल; पुढचे मात्र जागच्या जागी राहील आणि दोघांना जोडणारी डावीकडची टायमिंग चेन तिरकी धावू लागेल. ती उतरली की दोघांचे पाय एकमेकांपासून सुटतात, आणि उतारावर हे घडावे असे कोणालाच वाटणार नाही. उजवीकडे गिअरच्या चेनची रेषाही तेवढीच आत येईल. टँडेमच्या मागच्या चाकाचा हब (मधला तुंबा) साध्या सायकलीपेक्षा बहुधा रुंद असल्याने तीही बिघडेल.

माझ्या मते चूक प्रश्नाच्या क्रमात आहे. एक्सलची लांबी चेनची रेषा ठरवते, तर पेडलाचे टोक किती बाहेर जाते हे मुख्यतः क्रँक बाहेरच्या बाजूला किती वाकलेला आहे, त्या बाकावर ठरते. म्हणून आधी कमी बाकाचे क्रँक शोधावेत, ते सध्याच्याच एक्सलवर चढवून पाहावेत आणि चेनव्हील जेवढे आत किंवा बाहेर गेले असेल तेवढाच फरक भरून काढणारा एक्सल मागवावा. पुढच्या आणि मागच्या डाव्या चेनव्हीलचे फ्रेमच्या मध्यरेषेपासूनचे अंतर एक मिलीमीटरच्या आत जुळले पाहिजे.

जुना_फिटर:
वरील उत्तराशी सहमत आहे. दोन गोष्टींची भर घालतो. चौकोनी टोकांतही जपानी आणि आयएसओ असे दोन प्रकार असतात. आयएसओचा क्रँक जपानी एक्सलवर चार-पाच मिमी बाहेरच अडकतो, त्यामुळे सगळी मोजमापे फसतात. दुसरे म्हणजे, इंग्लिश आट्यांच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये बेअरिंग धरणारी उजवी वाटी उलट्या आट्यांची असते. एका दुकानात माझ्या सायकलची ती वाटी जोर लावून नेहमीच्या दिशेने फिरवली गेली आणि त्या दिवशी मला फ्रेमच्या आटे-दुरुस्तीचा खर्च कळला!

पुढचे बॉटम ब्रॅकेट एक्सेंट्रिकमध्ये (टायमिंग चेनचा ताण जुळवण्यासाठी फिरवता येणाऱ्या गोल भागात) असेल, तर एक्सेंट्रिक घट्ट असतानाच वाट्या सैल कराव्यात, नाहीतर पान्याबरोबर तेच फिरत बसते. त्याच्या जागेची रंगाने खूण करून ठेवावी, आणि टायमिंग चेन काढण्यापूर्वी दोन्ही चेनव्हीलच्या एकेका दातावरही खूण करावी, म्हणजे क्रँक पूर्वीसारखेच एकमेकांशी जुळतील.

जोडस्वार:
दोघांचेही आभार. आज मागचे डावे चेनव्हील आणि चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची खालची नळी) यांच्यातील फट मोजली. ती जेमतेम ४ मिमी आहे, म्हणजे ११३ चा एक्सल घेतला असता तर दात थेट नळीत घुसले असते. आता आधी क्रँक शोधतो.

पानेवाला:
तोवर एक करून पाहा. पत्नी क्लीटचे (तळाला पेडलात अडकणारा तुकडा असलेले) बूट वापरत असतील, तर क्लीट बुटाच्या बाहेरच्या कडेकडे सरकवावे. पाऊल क्रँकच्या तेवढेच जवळ येते. मात्र बुटाची टाच क्रँकला किंवा चेनस्टेला घासत नाही ना, हे सायकल उभी असतानाच पेडल मागे फिरवून पाहून घ्यावे.