स्मार्ट स्विच सारखा मान टाकतोय, दुरुस्त करू की साधं बटण परत बसवू?

निशाचर: पॅसेजमधला स्मार्ट स्विच आठ महिने झकास चालला, आता पंधरा दिवस झाले नुसतं डोकं खातोय. अ‍ॅपवर ऑफलाइन दिसतो, मग आपोआप परत येतो, रात्री दिवा बंद केला तरी चार-पाच सेकंदांनी बारीक लुकलुकतो आणि लावायला गेलं की बोर्डातून टक्-टक्-टक् आवाज येऊन गप्प. तीनदा रिसेट मारला, राउटर बंद-चालू करून झाला. बाबा म्हणतात काढ ते खेळणं. माझं म्हणणं, का बिघडलं ते कळल्याशिवाय फेकायचं नाही. तुम्हाला काय वाटतं?

खटकेबाज: बाबांचं ऐका. साध्या बटणात असतं काय, एक स्प्रिंग आणि धातूचे दोन तुकडे. तुमच्या त्या डबीत रेडिओ, रिले म्हणजे विजेने ओढला जाणारा खटका, पॉवर सप्लाय, आणि त्यातला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा बारका भाग, भिंतीत कोंडलेला रात्रंदिवस तापतोय. दिवा लावायला फर्मवेअर कशाला लागतं हो?

राउटरभक्त: सिग्नलचा घोळ आहे, पैजेवर सांगतो. असे बरेच वाय-फाय स्विच वाय-फायच्या दोन बँडांपैकी फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि हल्लीचे राउटर २.४ आणि ५ एकाच नावाखाली देतात. दोन्हीची नावं वेगळी कर, स्विच परत जोड.

अर्धवट_वायरमन: राउटरला फुकट बदनाम करू नका. अ‍ॅप राहू दे, स्विचवर बोट ठेवून दिवा लागतो का ते बघा. बोटाने लागत असेल आणि फक्त अ‍ॅपवरून नसेल तर नेटवर्क. बोटानेही नाटकं करत असेल तर भिंतीमागे काहीतरी आहे. आणि मेन बंद करून बोर्ड उघडा, स्विचला वायरी किती ते सांगा. स्क्रू ढिला आहे का, प्लास्टिक तपकिरी पडलंय का तेही बघा, तसं असलं तर बाकी चर्चा बंद, आधी वायरमन बोलवा.

निशाचर: बोटानेही तेच. मेन बंद करून उघडला, जळल्याची खूण नाही, स्क्रू घट्ट. वायरी दोनच, एक फेज आत आणि एक दिव्याकडे.

अर्धवट_वायरमन: मग न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची वायर, नाहीच तुमच्या बोर्डात! बिनन्यूट्रलचा स्विच स्वतःचं पोट दिव्यातून भरतो. दिवा बंद असतानाही अगदी थोडा करंट बल्बमधून जात राहतो, त्यावर स्विचचा मेंदू जागा राहतो. तारेच्या पिवळ्या बल्बला तेवढ्याने काही होत नाही. एलईडीच्या आतला कपॅसिटर मात्र त्या करंटने हळूहळू भरतो, भरला की एक चमक, परत रिकामा, म्हणून लुकलुक. आणि फार कमी वॅटचा बल्ब असला की स्विचला पुरेसं मिळत नाही, रिले ओढायला जातो, जीव जातो, परत उठतो, हीच तुमची टक्-टक्. बल्ब बदलला होता का मध्ये?

निशाचर: अरे देवा. हो! ६० वॅटचा पिवळा उडाला म्हणून ५ वॅटचा एलईडी लावला, पंधरा-वीस दिवसांपूर्वीच. माझ्या डोक्यातच आलं नाही, बल्ब तर नवाकोरा होता ना.

खटकेबाज: बघा म्हणजे, वीज वाचवायला एलईडी लावला तर बटणाला झीट आली. हे कुठल्या अंगाने स्मार्ट? उद्या घरी पाहुणा आला तर त्याला बल्बचे वॅट विचारून बटण दाबायला सांगणार का?

अर्धवट_वायरमन: तुमचा टोमणा मान्य आहे, पण चूक स्विचची नाही, निवडीची. बोर्डात न्यूट्रल नसेल तर किमान लोड किती लागतो ते पाकिटावर वाचायला हवं होतं. निशाचर, बायपास कपॅसिटर मिळतो, स्विचच्या कंपनीने सांगितलेलाच घ्या, तो दिव्याला समांतर लागतो, म्हणजे स्विचचा तो थोडा करंट बल्बऐवजी त्यातून जातो. लोक तो स्विचलाच लावतात आणि मग त्रास आणखी वाढतो. जमत नसेल तर हे वायरमनलाच करू द्या.

राउटरभक्त: मी तरीही म्हणतो २.४ वेगळा करून बघ.

निशाचर: आधी खात्री केली. माळ्यावरून एक जुना पिवळा बल्ब काढून लावला, दोन दिवस टक् नाही की ऑफलाइन नाही, राउटरला हातही लावला नाही. मग वायरमनकडून होल्डरमागे बायपास बसवून एलईडी परत लावला, लुकलुक गेली, सात दिवस झाले. बाबांचं मत बदललेलं नाही, ते म्हणतात पॅसेजपुरतं ठीक, संडासात साधं बटणच राहील. त्यात मी वाद घातला नाही.

खटकेबाज: बाबा शहाणे आहेत. माझ्या घरात तर हे येणार नाहीच. पण ते पिवळ्या बल्बचं लक्षात ठेवतो, आमच्या शेजाऱ्यांनी याच लक्षणांवर दुसरा राउटर आणलाय.