शब्दचर्चा : नायसिन, निकोटिनिक आम्ल, निकोटिनामाइड – कुठे कोणता शब्द?

प्रश्न : एका आरोग्यविषयक पुस्तिकेचं मराठी भाषांतर करते आहे. मूळ मजकुरात नायसिन, नायसिनामाइड, निकोटिनिक आम्ल, निकोटिनामाइड आणि बी-३ हे शब्द आलटूनपालटून येतात. सगळीकडे सरसकट 'नायसिन' लिहिलं तर चालेल का? आणि 'निकोटिनिक' वाचून लोकांना तंबाखू आठवेल, त्याचं काय करू?

उत्तर : सरसकट लिहू नका, कृपा करून. आहाराविषयी लिहिताना चालून जाईल, पण औषधाविषयी लिहिताना वाचकाचं नुकसान होऊ शकतं.

शब्द पाच दिसले तरी रेणू दोनच आहेत. एक निकोटिनिक आम्ल. दुसरा निकोटिनामाइड, आणि नायसिनामाइड हे त्याचंच दुसरं नाव. 'बी-३ जीवनसत्त्व' या छत्राखाली दोन्ही येतात. 'नायसिन' हा शब्द मात्र दोन अर्थांनी वापरतात: कधी दोघांना मिळून, कधी फक्त निकोटिनिक आम्लाला. सगळा घोळ इथेच आहे.

जीवनसत्त्व म्हणून दोघांचं काम एकच. पेशी त्यांच्यापासून एनएडी आणि एनएडीपी ही सहविकरं, म्हणजे विकरांना (शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांना) मदत करणारे रेणू, बनवतात. अन्नातली ऊर्जा मोकळी करताना इलेक्ट्रॉनांची जी देवाणघेवाण होते ती यांच्यामार्फत. शरीरातली चारशेहून अधिक विकरं एनएडीवर अवलंबून आहेत. त्यामुळे कमतरता झाली की त्वचा, आतडी आणि मेंदू तिन्हीकडे बिघाड दिसतो. हाच पेलाग्रा. उन्हाला उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळपट, खरखरीत चट्टे, जुलाब, पुढे भ्रम, आणि उपचार न झाल्यास मृत्यू. गळ्याभोवती उठणाऱ्या चट्ट्यांच्या पट्ट्याला स्पेनमधल्या गास्पार कासाल या वैद्याचं नाव आहे. त्याने १७३५ मध्ये हा आजार पाहून नोंदवला होता. 'पेलाग्रा' हा शब्द इटालियन, अर्थ खरखरीत कातडी. याला मराठी प्रतिशब्द घडवत बसू नका, पेलाग्राच लिहा.

आता तंबाखूचं. एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी निकोटिनचं ऑक्सिडीकरण करून हे आम्ल मिळवलं, म्हणून नाव निकोटिनिक. पण आम्ल झाल्यावर निकोटिनचा गुण उरत नाही: ना नशा, ना सवय. १९३७ मध्ये अमेरिकन जैवरसायनशास्त्रज्ञ कॉनराड एल्व्हेयेम यांनी यकृताच्या अर्कातून निकोटिनामाइड वेगळं केलं आणि कुत्र्यांमधला पेलाग्रासारखा 'काळी जीभ' हा रोग त्याने आणि निकोटिनिक आम्लानेही बरा होतो हे दाखवलं. पुढे अमेरिकेत पिठात आणि पावात हे जीवनसत्त्व मिसळायचं ठरलं, तेव्हा तुम्हाला वाटते तीच भीती तिथल्या लोकांनाही वाटली. म्हणून १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला निकोटिनिक, ॲसिड आणि व्हिटॅमिन यांचे तुकडे जोडून 'नायसिन' हे नवं नाव काढलं. तुम्ही पहिल्या उल्लेखाला 'निकोटिनिक आम्ल (तंबाखूतल्या निकोटिनहून वेगळं)' असं लिहा. एकदा पुरे.

आणखी एक प्रश्न : माझ्या सासऱ्यांना पूर्वी कोलेस्टेरॉलसाठी नायसिनच्या गोळ्या होत्या. गोळी घेतली की थोड्या वेळात चेहरा, कान, मान लालबुंद. आम्ही म्हणायचो पित्त उठलं. नंतर डॉक्टरांनी त्या बंद केल्या. आता माझ्या चेहऱ्याच्या क्रीमवर नायसिनामाइड लिहिलंय. तेच का हे?

उत्तर : ते नव्हे, आणि तुमचं उदाहरण या चर्चेसाठी फार मोलाचं आहे. सासऱ्यांची गोळी निकोटिनिक आम्लाची. ते त्वचेतल्या पेशींवरच्या एका ग्राहीला (ठरावीक रेणू ओळखून पेशीला संदेश देणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, प्रोस्टाग्लँडिन नावाची संदेशवाहक द्रव्यं सुटतात, बारीक रक्तवाहिन्या फुलतात आणि कातडी लाल, गरम होऊन चुणचुणते. याला 'पित्त उठणं' म्हणू नये, कारण पित्ताच्या गांधी ही वेगळी गोष्ट. 'ॲलर्जी'ही नाही. 'लाली चढणं' किंवा सरळ 'फ्लशिंग' लिहावं. निकोटिनामाइड त्या ग्राहीवर तसं काम करत नाही, म्हणून त्याने लाली चढत नाही. आणि कोलेस्टेरॉलही उतरत नाही.

कोलेस्टेरॉलवरचा परिणाम १९५५ मध्ये कळला आणि कित्येक वर्षं निकोटिनिक आम्ल दिवसाला ग्रॅमच्या मात्रेत दिलं गेलं. रक्ताच्या अहवालातले आकडे सुधारायचे. पण २०१४ मध्ये पंचवीस हजारांवर रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले: स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांच्या जोडीला ते देऊन हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत, उलट मधुमेह, जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव वाढले. मोठ्या मात्रेत यकृतालाही धोका असतो. मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो, कारण 'जीवनसत्त्वच तर आहे' म्हणून मनाने गोळ्या घेणारे अजूनही भेटतात.

निकोटिनामाइडचा मार्ग वेगळा. पेलाग्राच्या उपचारात लाली टाळायची म्हणून तेच पसंत करतात. क्रीममध्ये तेच असतं. २०१५ च्या एका चाचणीत, आधी त्वचेचे कर्करोग होऊन गेलेल्यांना रोज दोनदा ५०० मिलिग्रॅम दिल्यावर मेलानोमा हा एक प्रकार सोडून इतर नवे त्वचाकर्करोग २३ टक्क्यांनी कमी झाले. गोळी थांबवल्यावर फायदाही थांबला.

मूळ प्रश्नकर्तीसाठी : मजकुरात नुसतं 'नायसिन' असेल तर मात्रा पाहा. प्रौढांची रोजची गरज पुरुषांना १६ आणि स्त्रियांना १४ मिलिग्रॅम. आकडा या घरात असेल तर 'नायसिन' राहू द्या. शेकड्यांत किंवा ग्रॅममध्ये असून शेजारी कोलेस्टेरॉल किंवा लालीचा उल्लेख असेल तर 'निकोटिनिक आम्ल'. त्वचेची निगा असेल तर 'निकोटिनामाइड'. 'नायसिन-समतुल्य' असा शब्द आला तर तो मात्र बदलू नका. शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासूनही नायसिन बनवतं, ६० मिलिग्रॅममागे साधारण १ मिलिग्रॅम, आणि तो हिशेब त्या शब्दात धरलेला असतो.