रानड्यांनी धुळ्यातच राजीनामा द्यायला हवा होता का?

पांझराकाठ : न्यायमूर्ती रानडे १८७९ ला आपल्या धुळ्यात सबजज्ज, म्हणजे खालच्या दिवाणी कोर्टाचे न्यायाधीश, होते हे इथल्या कितीतरी वकिलांनाही माहीत नसतं, वाईट वाटतं. आणि हौसेने नव्हते आले. वासुदेव बळवंतांचं बंड चालू, मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा नि विश्रामबागवाडा जळाला, सरकारला पुण्याच्या पुढाऱ्यांचा संशय, मग आधीच नाशिकला हलवलेल्या माणसाला तिथूनही उचलून थेट खान्देशात टाकलं, वर इथे त्यांचं टपाल फोडून वाचायचे. माझं मत, तेव्हाच राजीनामा तोंडावर मारायचा होता.

अमळनेरकर : नाही पटत भो. राजीनामा दिला असता तर सरकार सुटकेचा श्वास टाकून मोकळं झालं असतं. ते नोकरीत राहिले आणि गप्पही बसले नाहीत, पुण्याच्या सार्वजनिक सभा या संस्थेच्या त्रैमासिकात लिहीत होते, १८८५ ला काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाला गेले. १८८७ पासून तर शेतकरी कर्जाच्या कायद्याचे स्पेशल जज्ज. सावकाराची वही उघडून खरं मुद्दल किती, व्याज किती हे कोर्टाने बघायचं आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही, असा तो कायदा. त्याची अंमलबजावणी नीट होते का बघत गावोगाव फिरले, हे राजीनामा देऊन झालं असतं का?

तापीची लेक : दादा, तो कायदा सुरुवातीला पुणे, नगर, सोलापूर, सातारा एवढ्यालाच होता. कापूसवाला खान्देशी शेतकरी त्यात कुठे होता? आणि निष्ठेचं फळ काय मिळालं, १८७१ ला सबजज्ज झालेला माणूस हायकोर्टात पोचायला १८९३ उजाडलं, तेही हायकोर्टाचे जज्ज काशिनाथ तेलंग वारले म्हणून जागा झाली. तेलंग आठ वर्षांनी लहान, पण १८८९ लाच जज्ज.

अमळनेरकर : ताई, चार जिल्हे सरकारने ठरवले, रानड्यांनी नाही. तेलंग वकिलीतून आले, त्यांच्या आधीचे हायकोर्ट जज्ज नानाभाई हरिदासही वकिलीतूनच. रानडे खालच्या कोर्टातून चढत गेले, म्हणून मला त्यांचं हायकोर्ट जास्त मोठं वाटतं. गावाकडचा दिवाणी दावा कसा कुजतो हे त्यांनी खाली बसून पाहिलेलं होतं.

पांझराकाठ : ते सगळं मान्य, पण ज्या जज्जची पत्रं सरकार चोरून वाचतं त्याने परत त्याच सरकारच्या खुर्चीत बसायचं, हे मला अजिबात पचत नाही.

अमळनेरकर : खुर्ची सरकारची असेल, समोर उभं कर्जदार कूळ आपलंच होतं ना भाऊ. ते उठले असते तर त्या कुळाचं म्हणणं ऐकायला कोण बसलं असतं ते सांगा आधी.