मदत हवी आहे: प्लॅन ३०० चा, बेडरूममध्ये जेमतेम ३५

मंडळी, गेल्या महिन्यात फायबर इंटरनेटचा ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला. बसवायला आलेल्या मुलाने राउटर हॉलमध्ये थेट टीव्हीच्या मागे ठेवला. "वायर इथवरच पुरते, काका." झालं!

लॅपटॉपला लॅनची वायर जोडली की २८० च्या पुढे जातं, म्हणजे लाइनचा दोष नाही. हॉलमध्ये फोनवर वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडला (वेगवान, पण भिंतींपुढे लवकर दमणारा) २०० मिळतात. पण आतल्या बेडरूमच्या वाटेत विटांच्या दोन भिंती आणि आजीचं लोखंडी कपाट. तिथे ५ ची एकच काडी उरते, फोन आपोआप २.४ गिगाहर्ट्झवर (लांब पोचणारा, पण हळू बँड) जातो आणि स्पीड ३५ वर येतो. रात्री नऊनंतर १५. यादीत शेजारपाजारची वीसेक नेटवर्कं दिसतात, आणि २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६, ११. तिन्ही करून पाहिले, फरक शून्य.

माझ्या मुलाने रिपीटर (वायफायचा सिग्नल पकडून पुढे पसरवणारं यंत्र) आणला. तो बेडरूममध्येच लावला, तर काड्या फुल्ल आणि स्पीड ४०. तिथवर पोचणारा सिग्नलच मरतुकडा, तो पुढे काय देणार!

आता प्रश्न. मेश (घरात जागोजागी ठेवायचे, एकमेकांशी वायफायनेच जोडलेले राउटर) घेतला तरी त्यालाही याच भिंती ओलांडाव्या लागणार ना? की सरळ कॅट ६ ची लॅन वायर आत नेऊन दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून (म्हणजे वायरीने आलेलं नेट तिथे वायफायने पसरवायला) लावू? भिंतीत जुन्या लँडलाइनचा पाइप आहे. त्यातून लॅनची वायर कुणी ओढली आहे का? वळणावर अडकते का? घरी पडून असलेल्या राउटरचे पोर्ट (वायर जोडायच्या खाचा) १०० एमबीपीएसचेच आहेत, म्हणजे ९०-९५ वर अडकणार, पण मला तेवढं पुष्कळ आहे.