नवं रबर लावल्यावर गाडीचं दार लागत नाही?

दाराच्या कडेचं नवं सील, म्हणजे रबरी पट्टी, बसवल्यावर दार आपटावं लागतं म्हणून बिजागऱ्या सैल करायला निघालात, तर जरा थांबा. नवं रबर ताठच असतं. दार लॉकच्या पहिल्या टप्प्यावर अडकवून चार-पाच दिवस तसंच राहू द्या, बऱ्याचदा तेवढ्यानं रबर दबतं. तरीही अडलं तर आधी स्ट्रायकर (चौकटीवरचा, लॉक ज्यात अडकतं तो भाग) किंचित बाहेर सरकवून बघा. बिजागऱ्यांना हात सगळ्यात शेवटी, कारण एकदा दाराची फट बिघडली की ती जुळवताना नाकी नऊ येतात.

माझी स्वतःची चूक सांगतो. मी रबर ताणत ताणत बसवलं आणि लांबी पुरली म्हणून खूश झालो. महिन्याभरात ते आखडलं, कोपरे उचलले गेले आणि पाणी आत. रबर उलट किंचित रेटून, जास्तीचं ठेवूनच बसवायचं. जोड खालच्या बाजूला घ्यायचा. गोंद लावण्याआधी मास्किंग टेपने तात्पुरतं चिकटवून दार लावून बघा.

शेवटी कागदाची पट्टी दारात धरून ओढा. जिथे सहज सुटते, तिथून पाणी येणार. आणि रबराला ग्रीस नको, सिलिकॉन स्प्रेच वापरा.